खालच्या घराची बाटली

घाटकोपर पूर्व
१२ जानेवारी २०२६

प्रांजल,

तुझा निरोप येऊन आठवडा उलटला आणि मी आज लिहायला बसलो आहे. रागावू नकोस. रोज सकाळी कागद काढत होतो, पेन चालतं का ते कोपऱ्यात गिरवून बघत होतो, आणि मग दूध आणायला नाहीतर पाणी भरायला उठत होतो. पाणी भरल्यावर परत बसलो असतो तर केव्हाच लिहून झालं असतं. नाही बसलो.

हे पत्र शेजारची श्वेता फोटो काढून तुमच्या जहाजाच्या मेलवर पाठवणार आहे. मी तिला बजावलं, "वाचायचं नाही हां." तर म्हणते, "काका, तुमचं अक्षर कोणाला लागतंय? मी फक्त फोटो काढते."

तू कुठे असशील ते मी कॅलेंडरच्या मागच्या नकाशावर बघतो. आफ्रिकेच्या खाली नुसता निळा रंग आहे. तिथे थंडी असते म्हणालीस. कानाला बांधतेस का? तुझे कान लहानपणापासून दुखतात. समुद्राचं पाणी वर काढताना कठड्यावर वाकत जाऊ नकोस, ते काम खलाशांना करू दे. त्यांना त्याचा पगार मिळतो.

लॅबची बातमी ऐकून मला घाम सुटला. नाताळच्या सुट्टीत थंड खोलीचं मशीन बंद पडतं आणि कोणी फिरकत नाही म्हणजे काय? शिकलेली माणसं ना ती? तू लिहिलंस, "बाबा, लॅबमधलं सगळं गेलं. आता घरचा संच तेवढा उरला. तू आहेस म्हणून मी रडत नाहीये. पवईच्या दुसऱ्या लॅबमधला केयूर येईल, त्याच्याकडे बाटल्या दे." हे श्वेताने मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचू लागली तेव्हा मी म्हटलं, पुरे.

बाटल्यांतले तुझे समुद्रातले जंतू हिरवे आहेत. फोटोत तू बघतेसच. फ्रिज चालू आहे, काच रोज पुसतो. बिल्डिंगमधली पोरं अजून दारात येऊन "राऊळकाका, एक खस द्या" म्हणून ओरडतात. कोल्ड्रिंकवाल्याचा काचेचा फ्रिज घरात आणून ठेवल्यावर दुसरं काय होणार. तुझी आई असती तर तिने खरंच खस विकायला काढलं असतं.

एक सहज विचारतो. समज, एका बाटलीतलं थोडं दुसऱ्या बाटलीत गेलं, हाताच्या चुकीने, तर त्याने काही होतं का? दोन्ही हिरवेच. दोघांचं नावही तेच, ते लांबलचक, मला म्हणता येत नाही ते. मग बिघडायचं काय? मनात आलं म्हणून विचारलं. घाई नाही. पण केयूर यायच्या आधी कळव.

बाबा


१८ जानेवारी

प्रांजल,

तुझा निरोप आला. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, म्हणजे माझं पत्र पोचायच्या आधीचा असणार. जहाजावर मेल दिवसातून एकदाच उतरतात, तेही आकाश बरं असेल तर, असं श्वेता म्हणते.

तिने वाचलं ते असं, "बाबा, मी इथे सगळ्यांना सांगितलं की माझ्या बाबाने अख्खा संच वाचवला. आमच्या सुलक्षणा मॅडम म्हणाल्या, आपल्या निबंधाच्या शेवटी त्यांचे आभार मानायचे, नाव घालून."

वाचून श्वेताने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, तुम्ही अजून ते तिला सांगितलं नाही."

"काय ते?"

"तेच. हाताची चूक."

"तू वाचतेस?"

"एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिता, डोळ्यांत घुसतं."

"अक्षर लागत नाही म्हणालीस ना?"

"तुम्ही लिहावं म्हणून म्हटलं. आता लिहा. नाहीतर मी लिहीन, आणि माझं अक्षर तिला नीट लागेल."

ती वाईट नाही. तिच्या तोंडाला कुलूप नाही एवढंच. केयूरने शुक्रवारी फोन केला होता, येऊ का म्हणून. त्याला मी सांगितलं, मला साथीचा ताप आहे. ताप नव्हता. कालपासून मात्र अंग खरंच कोमट लागतं आहे. ते असू दे.

आता सांगतो. मधेच वाचायचं थांबू नकोस.

ऑक्टोबरात फ्रिज बंद पडला. तुला सांगितलं नाही. निलेश मेकॅनिकला बोलावलं, तो म्हणाला, "काका, वाट लागली याची, पार्ट मागवायला लागेल." तो पार्ट येईपर्यंत घरात भट्टी पेटली होती. मी बाटल्यांना ओली फडकी गुंडाळली, माठाला गुंडाळतो तशी, आणि पंख्याखाली मांडून बसलो. फडकी सुकली की परत भिजवायची. झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. तरी फ्रिज सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांनी काही बाटल्यांचा रंग उतरायला लागला. विहिरीकडलं घर पांढुरकं पडलं. पाणंदीतलं घर तर नुसतं पाणी दिसायला लागलं.

तुझ्या इंग्रजी चिठ्ठ्या मला वाचता येत नव्हत्या, म्हणून तूच मला ही नावं लावायला सांगितलंस. "बाबा, हे सगळे एकाच कुळातले, पण घरं वेगळी. आपल्या वाडीतल्या घरांची नावं दे त्यांना." मी दिली. वरलं घर सगळ्यांत दणकट, समुद्राच्या वरच्या पाण्यातलं. ते फ्रिज बंद असतानाही हिरवंगार राहिलं.

तू पुढे आणखीही समजावलं होतंस. एका ओंजळीत यांच्या कितीतरी जाती असतात, काचेखाली सगळ्या सारख्या दिसतात, पण आतून वेगळ्या असतात. मी हो हो म्हणत होतो. टीव्हीचा आवाज बंद केला होता पण बघणं चालू होतं.

माझं आयुष्य गिरणीत गेलं तरी हात शेतकऱ्याचेच आहेत. लावणी झाली की खाचरात सगळी रोपं धरत नाहीत. काही पिवळी पडून कुजतात. त्यासाठी उरलेल्या रोपांचा तरवा बांधाशी ठेवायचा असतो आणि आठवड्याने फिरून रिकाम्या जागी एकेक रोप खोचायचं असतं. नांगे भरायचे. जो नांगे भरत नाही त्याच्या शेताकडे बघून लोक हसतात. माझ्या बापाने मला शाळेतून काढून पहिलं काम हेच दिलं होतं.

मी नांगे भरले, प्रांजल. वरल्या घरातून ड्रॉपरने घेतलं आणि विहिरीकडल्यात घातलं, पाणंदीतल्यात घातलं. तोंडाला रुमाल बांधला होता, बाटली उघडी असताना बोललो नाही, तू शिकवलंस तसं सगळं केलं. पंधरा दिवसांत सगळं शेत एकसारखं झालं. मला वाटलं, मी फार चांगलं केलं.

आणि खालचं घर. ती बाटली तू अगदी खालच्या फळीवर, निळ्या कागदाच्या आड, अंधारात ठेवली होतीस. तिचा रंग कायमच फिका. मला वाटायचं, हिला कोणी बघत नाही. दिवाळीत फ्रिज पुसताना मी ती वरच्या फळीवर दिव्याखाली ठेवली. चांगला उजेड मिळेल म्हटलं. आठवड्यात ती पाण्यासारखी झाली. मग तिथेही भरले.

ही बाटली ठेवताना तू म्हणाली होतीस, "ही त्या फेरीतली." कुठली फेरी ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. आई गेली तेव्हा तू जहाजावर होतीस आणि जहाज किनाऱ्यापासून कुठच्या कुठे होतं. आणखी कुठली असणार.

तुला का सांगितलं नाही ते विचारशील. तू जमिनीवर असलीस की रविवारी तुझा फोन येतो. तू आधी विचारतेस, बाटल्या कशा आहेत? मग विचारतेस, जेवलास का? आई गेल्यापासून आपलं बोलणं एवढंच आहे. तिच्या कार्याच्या दिवशी मी तुला चार लोकांत जे बोललो त्यावर आता लिहीत नाही. मला भीती वाटली, बाटल्या मेल्या तर तू पहिला प्रश्न विचारणार नाहीस. आणि पहिला नाही तर दुसरा कसा येणार?

तिथे माझं नाव कुठे छापू देऊ नकोस. बाईंना सांग थांबायला. आजच सांग.

बाबा


२६ जानेवारी

प्रांजल,

अजून तुझं काही नाही. माझं पत्र पोचलं असं श्वेता म्हणते, तिच्या फोनवर तसं दिसतं म्हणे. पोचलं म्हणजे वाचलं असं नाही, हेही तीच म्हणते. मग पोचलं म्हणजे काय?

परवा केयूर आला. न सांगता आला. मला वाटतं श्वेतानेच त्याला बोलावला, कारण तो वर आला तेव्हा ती दारात उभी होती आणि तिला अजिबात नवल वाटलं नाही. उंच पोरगा आहे, हातात मासेवाल्याची असते तशी थर्माकोलची पेटी.

"काका, ताप उतरला?"

"कसला ताप?" मी म्हटलं. मग आठवलं. तोवर उशीर झाला होता.

"बरं झालं," तो म्हणाला आणि पेटी खाली ठेवली.

मी फ्रिजसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, बाटल्या मिळणार नाहीत.

"काका, प्रांजलनेच सांगितलंय."

"प्रांजलला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, पण उभ्याने सांगताना जास्त वाईट वाटतं. तो ऐकता ऐकता बूट न काढताच खाटेवर बसला. श्वेताने पाणी आणलं, ते त्याने घेतलं आणि नुसतं हातात धरलं.

"ड्रॉपर एकच?"

"एकच."

"मधे उकळला?"

"आधी उकळला होता. मधे नाही. एकाच शेतात दर रोपाला कोण हात धुतो?"

तो थोडा हसला. म्हणाला, "मी पहिल्या वर्षी नळ्यांचा अख्खा रॅक जमिनीवर पाडला होता काका. सरांनी आठवडाभर तोंड बघितलं नाही माझं. पण निदान सगळ्यांना दिसत तरी होतं की फुटलंय. तुमच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या जशाच्या तशा आहेत."

"मी चिठ्ठ्यांना हात लावला नाही."

"हो ना. तेच तर."

मला तेव्हा कळलं नाही. मग त्याने सांगितलं. तुम्ही यंत्रात घालून या जंतूंच्या आतला मजकूर वाचता, अक्षर न अक्षर. दोन वर्षांपूर्वी तू वाचलास आणि छापलास, की ही घरं आतून वेगळी आहेत, एकाजवळ जे आहे ते दुसऱ्याजवळ नाही. आता लॅबमधले मेल्यावर जगाने याच बाटल्यांतलं मागून घेतलं असतं आणि वाचलं असतं. सगळीकडे एकच घर निघालं असतं. वर चिठ्ठी विहिरीकडल्याची, आत वरलं घर.

"मग?" मी विचारलं.

"मग काय काका. लोक म्हणाले असते, तिने आधी खोटं छापलं."

श्वेता म्हणाली, "अरे पण काकांनी मुद्दाम केलंय का?"

"काकांचं नाव कुठे येणार त्यात? नाव तिचं."

मला बसावंसं वाटलं पण खाटेवर तो होता. मी जमिनीवर बसलो. तो घाईने उठला, म्हणाला, तुम्ही वर बसा, तर मी म्हटलं, नको, इथेच बरं आहे.

प्रांजल, तू मला जे तेव्हा फोनवर समजावत होतीस ते मला त्या दिवशी जमिनीवर बसल्यावर समजलं. तू म्हणाली होतीस, "बाबा, तूच सांगायचास ना, वाडीत लग्न निघालं की भाताचा मोठा टोप वरल्या घरातून यायचा, परात खालच्या घरातून, खिरीची कढई विहिरीकडून. कुणा एका घरात सगळं नसायचं, पण वाडीत सगळं असायचं. माझे हे हिरवे तसेच आहेत. एकाला उजेड सोसतो, एकाला अंधार. एकाला ऊन पाणी चालतं, एकाला भलताच क्षार खाता येतो. उद्या समुद्र तापला तर कोणाच्या घरातली वस्तू लागेल ते आज कोणालाच माहीत नाही. म्हणून सगळी घरं ठेवायची." एवढं सगळं तू बोलली होतीस. शब्द माझ्या कानात होते, फक्त उघडून बघितले नव्हते. मी एका घरातली माणसं नेऊन साऱ्या वाडीत वसवली आणि दारावरच्या पाट्या तशाच ठेवल्या.

केयूरने एक विचारलं ते बरं विचारलं. "बाटली पांढरी पडल्यावर आतलं जुनं पाणी फेकलंत?"

"समुद्राचं पाणी मोरीत कसं ओतणार? त्यातच भरलं."

"मग थोडी आशा आहे," तो म्हणाला. "एका थेंबात हजारो असतात. पांढरं दिसलं म्हणजे सगळे मेले असं नसतं. कोपऱ्यात चार जुने तग धरून असतील तर यंत्राला सापडतील. मग त्यांना वेगळं करायचं. वेळ लागेल, पण होतं कधी कधी."

"खालच्या घरातही?"

"बघू."

मग आम्ही दोघांनी प्रत्येक बाटलीवर नवी पट्टी लावली. मी आठवून सांगत होतो, तो लिहीत होता. काय भरलं, कशातून भरलं. जिथे मला आठवेना तिथे मी म्हटलं, आठवत नाही असंच लिही. एका बाटलीपाशी मला वाटलं, नाही भरलं असं सांगून टाकावं, तेवढीच एक तरी स्वच्छ राहील. पण ड्रॉपर तिथेही बुडवला होता. तेही लिहायला लावलं.

पेटी उचलताना तो म्हणाला, "तिला तुम्ही कळवलंय ना?"

"कळवलंय."

"मग काय म्हणाली?"

मी म्हटलं, "जहाजावर मेल उशिरा उतरतात."

बाबा


६ फेब्रुवारी

प्रांजल,

फ्रिज रिकामा आहे आणि चालू आहे. बंद करायला हात जात नाही. पोरं दारातून बघून गेली, "काका, माल संपला?" मी म्हटलं, संपला. तर जाताना एकजण दुसऱ्याला म्हणतो, "बोल्लो ना तुला, धंदा झकास चाललाय यांचा."

श्वेताने जहाजाच्या ऑफिसला मेल टाकून विचारलं. त्यांनी कळवलं, सगळे ठीक आहेत, काम चालू आहे. म्हणजे तू ठीक आहेस. मग लिहीत का नाहीस हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर मला माहीत आहे. पण माहीत असून उपयोग नसतो. कदाचित तिकडे लाटा मोठ्या असतील, तुला उलट्या होत असतील, कागदाकडे बघवत नसेल. मी दिवसभर अशी कारणं काढत असतो.

काल एक मूर्खपणा केला. एक रिकामी बाटली राहिली होती, ती घेऊन खाडीवर गेलो. कामराजनगरच्या पुढे, जिथे रोहित पक्षी येतात तिथे. चिखलात उतरलो, चप्पल गेली एक. बाटली भरून घरी आणली आणि फ्रिजमध्ये ठेवली. खाडीच्या पाण्यातही तुझे हे असणारच, तूच म्हणाली होतीस की जिथे खारं पाणी आणि उजेड तिथे यांचे कोणी ना कोणी भाऊबंद असतातच. मनात आलं, चिठ्ठी न लावता नवं काहीतरी सुरू करावं. तू परतल्यावर रविवारी सांगायला होईल.

संध्याकाळपर्यंत बघत बसलो त्या गढूळ बाटलीकडे. मग कळलं की मी परत नांगेच भरतो आहे. उठलो, परत खाडीवर गेलो आणि ओतून आलो. श्वेताचा नवरा खाली भेटला, म्हणाला, "काय काका, दोनदा दोनदा फिरायला? तब्येत बनवताय." त्याला काय सांगणार?

दोन ओळी तरी टाक. रागाच्या टाकल्यास तरी चालतील.

बाबा


१६ फेब्रुवारी

प्रांजल,

काल केयूरचा फोन आला. तुला तो लगेच मेल करणार होता. मी म्हटलं, एक दिवस थांब, हे मला सांगू दे. तो म्हणाला, "नक्की काका? मी नीट शब्दांत लिहितो." मी म्हटलं, शब्द माझे वाईट असतील पण मीच सांगतो. तर आता सांगतो.

वरलं घर सुखरूप आहे. खालच्या फळीवरच्या बाकीच्या काही बाटल्यांत ड्रॉपर बुडवला होता तरी तिथे मूळचीच माणसं जास्त निघाली, त्या वाचवता येतील. विहिरीकडल्या घरात दोन्ही सापडले, वरल्या घरातले पुष्कळ आणि जुने थोडे. त्यांना वेगळं करायला बरेच महिने जातील, पण करतो म्हणाला. पाणंदीतलं गेलं.

खालचं घर गेलं. त्याने दोनदा वाचलं, निरनिराळ्या दोन थेंबांतून. आत सगळे वरल्या घरचे आहेत. जुना एकही नाही. तिसऱ्यांदा वाच म्हटलं मी, तर म्हणाला, काका, वाचेन, पण आशा धरू नका.

तुझ्या त्या फेरीतलं होतं ते गेलं. मी उजेडात ठेवलं म्हणून गेलं. याच्यापुढे लिहायला मला शब्द नाहीत आणि असते तरी तुला त्यांचा काही उपयोग नाही.

केयूर म्हणतो, तुझं नाव वाचलं. पट्ट्यांवर जे लिहिलं तसंच तो सगळ्यांना कळवणार, काय झालं, कसं झालं. तू खोटं छापलंस असं आता कोणी म्हणणार नाही. माझ्याकडून घोळ झाला असं म्हणतील, ते खरंच आहे. आभारात माझं नाव घालायचं नाही हे मी त्याला निक्षून सांगितलं. तो म्हणाला, "ते प्रांजल ठरवेल." मी म्हटलं, "नाही, हे मी ठरवणार."

फोन ठेवताना मी त्याला म्हटलं, "तुझ्याकडे एवढी मोठी लॅब आहे, पवई इथून हाकेवर. तिने बाटल्या पहिल्यापासून तुझ्याकडे ठेवल्या असत्या तर हे झालंच नसतं. माझ्यासारख्या माणसाच्या घरात कशाला ठेवल्या?"

तो म्हणाला, "मी दोनदा म्हटलं होतं तिला, माझ्याकडे ठेव. जागा होती. ती म्हणाली, नको, बाबाकडेच राहू देत, मला दर रविवारी विचारता येईल."

मी फोन ठेवून दिला. त्या पोराला वाईट वाटलं असेल. त्याला नंतर करीन फोन.

प्रांजल, आज मी फ्रिज बंद केला. निलेशला घेऊन जायला सांगितलं आहे. घरात आता एकही भरलेली बाटली नाही. परतल्यावर तू रविवारी फोन केलास तर विचारायला काही उरलेलं नाही. म्हणून या वेळी मी विचारतो.

आई गेल्याचा निरोप आला तेव्हा तू डेकवर होतीस की खाली? त्या बाटलीतलं पाणी वर यायचं होतं की आलं होतं? आलं असेल तर तू ते त्या दिवशीच बाटलीत भरलंस, म्हणजे तुझे हात चालत होते. मी कार्याच्या दिवशी म्हटलं होतं की हिला काही वाटलं नाही. ज्याचे हात चालतात त्याला काही वाटत नाही असं मला वाटायचं. तुझ्याजवळ कोणी होतं का? जेवलीस का त्या दिवशी? मी तुला हे कधी विचारलं नाही, आणि ती बाटली एवढे दिवस घरात होती.

जहाज मॉरिशसला लागलं की फोन लागतो असं तू म्हणाली होतीस. ते मार्चात. तोवर मला धीर धरवत नाही. रागाने लिही, एक ओळ लिही, "बाबा, हे काय केलंस" एवढंच लिहून पाठव, श्वेता वाचून दाखवेल आणि मी ऐकून घेईन. नाहीतर केयूरला कळव, तो मला सांगेल. पण कळव गो. लवकर कळव.

बाबा